हात घालण्याआधी दार वाजवा

ॲरिझोनातल्या टूसॉन शहराच्या चारी बाजूंना डोंगर आहेत. उत्तरेला सांता कातालिना, पूर्वेला रिंकॉन, दक्षिणेला सांता रिता आणि पश्चिमेला टूसॉन माउंटन्स. कातालिनातलं माउंट लेमन नऊ हजार फुटांच्या वर जातं, हिवाळ्यात तिथे बर्फ पडतो. टूसॉन माउंटन्सचं सर्वांत उंच शिखर वॉसन, ते जेमतेम त्याच्या निम्मं. तरी मला हे बुटके डोंगरच अधिक आवडतात. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेरकडच्या वाळूच्या टेकड्या येतात. सोनोरा वाळवंटाच्या या भागात वाळू सापडते ती कोरड्या ओढ्यांच्या पात्रात. बाकी सगळा कातळ, खडी, काटे आणि त्यांतून ताठ उभे राहिलेले हजारो सागुआरो निवडुंग.

या डोंगरांतल्या पायवाटांच्या कडेला काही डबे लपवलेले आहेत. त्यांना लेटरबॉक्स म्हणतात, पण त्यात पत्र टाकायचं नसतं. तळहातावर मावेल असा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत हाताने कोरलेला एक रबरी शिक्का आणि एक छोटी वही, एवढाच ऐवज. शोधणाऱ्याकडे त्याचा स्वतःचा शिक्का आणि स्वतःची वही असते. डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत उमटवायचा, तारीख टाकायची, खऱ्या नावाऐवजी वाटेवरचं टोपणनाव लिहायचं आणि डबा होता तसा पुन्हा लपवायचा. बक्षीस नाही, स्पर्धा नाही, बघायला कुणी नाही. डब्यापर्यंत नेणारा एक मजकूर मात्र असतो. त्याला आपण संकेत म्हणू. माझ्या मते खरी कलाकृती हा संकेतच आहे. डब्याचं कौतुक होतं, शिक्क्यांचे संग्रह होतात, पण संकेताला कोणी साहित्य म्हणत नाही. म्हणून त्याचंच रसग्रहण करावं म्हणते.

खरा संकेत छापला तर खेळाचा शिष्टाचार मोडेल. म्हणून गेल्या हिवाळ्यात ज्याच्या मागे मी गेले, त्याच्यातल्या जागा आणि आकडे बदलून, घडण तेवढी तशीच ठेवून मजकूर देते:

सकाळी निघा, म्हणजे सावली पुढे चालेल. छप्पर नसलेलं घर लागलं की त्याच्याकडे पाठ करा. कोरडा ओढा दुसऱ्यांदा ओलांडलात की पाच हातांचा म्हातारा भेटेल. त्याला नमस्कार करा, मिठी मारू नका. त्याचा सर्वांत खालचा हात ज्या कातळाकडे आहे, त्या कातळाच्या उत्तरेला या. मी तीन दगडांखाली राहतो. हात घालण्याआधी दार वाजवा.

अवघी सात वाक्यं. पहिल्या वाचनाला ती गमतीदार वाटतात, मुलांच्या खजिनाशोधातल्या चिठ्ठीसारखी. पण घरात बसून हा मजकूर अर्धाच कळतो. उरलेला अर्धा अर्थ जमिनीवर पडलेला आहे.

पहिलंच वाक्य बघा. सकाळी सूर्य पूर्वेला, सावली पश्चिमेला. म्हणजे सावली पुढे चालत असेल तर आपण पश्चिमेकडे चाललो आहोत. लेखकाने दिशा सांगितली, पण दिशेचं नाव घेतलं नाही. शिवाय हे वाक्य दुपारी खोटं ठरतं. दुपारी निघणाऱ्याची सावली मागे पडते आणि संकेत त्याला उलट्या वाटेला लावतो. टूसॉनला जूनमध्ये पारा चाळिशीच्या आसपास असतो, आणि या डोंगरांत उन्हाने माणसं दगावतात. त्यावर इशारे लिहिलेले फलक वाटेच्या तोंडाशी लावलेलेच असतात, आणि ते न वाचता लोक पुढे जातात. इथे इशारा कोड्याच्या पोटात घातला आहे. कोडं सोडवायचं तर सकाळीच निघावं लागतं.

छप्पर नसलेलं घर ही कल्पना नव्हे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षयाचे आणि हृदयविकाराचे अनेक रोगी कोरड्या हवेसाठी टूसॉनला येऊन राहिले. शहराच्या पश्चिमेच्या येटमन ट्रेलवर बोवेन कुटुंबाच्या दगडी घराच्या भिंती आजही उभ्या आहेत. ‘ॲरिझोना डेली स्टार’ या दैनिकात काम करणाऱ्या शेरी बोवेन यांनी 1930 च्या दशकात ते बांधलं, तेही पत्नीच्या प्रकृतीसाठी इथे आले होते. संकेतातलं घर हेच, असं मी म्हणत नाही. पण अशा घरासमोर उभं राहिल्यावर ‘पाठ करा’ ही आज्ञा जड जाते. रिकाम्या खिडक्यांतून डोंगर दिसत असतो, आत शिरून पाहावंसं वाटतं, आणि मजकूर सांगतो, वळा. इतिहासाने भारलेली जागा दाखवायची आणि तिथेच थांबू द्यायचं नाही, हा संयम मला आवडला. दुसऱ्या कुणी त्या घरावर चार ओळी खर्च केल्या असत्या.

पुढे ओढा. तो कोरडा आहे हे सांगितलंय, पण किती रुंद, किती खोल, काही नाही. या मुलखातला ओढा म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस निव्वळ वाळूचा पट्टा, चालायला वाटेहून सोपा. जुलै ते सप्टेंबरमध्ये इथेही मान्सून येतो, तिथल्या लोकांच्या बोलण्यात शब्दही तोच. तेव्हा दूर डोंगरात पडलेल्या पावसाचं पाणी या वाळूवरून अचानक गढूळ भिंतीसारखं येतं आणि पात्राची रेषाच बदलून टाकतं. अशा चंचल खुणेवर संपूर्ण संकेत टांगणं धोक्याचं, हे लेखकाला ठाऊक आहे. म्हणून ओढ्याची फक्त संख्या वापरली. दुसऱ्यांदा ओलांडा, बस्स. पात्र दहा हात इकडे सरकलं तरी दुसरं ते दुसरंच राहणार.

आणि मग तो म्हातारा.

सागुआरो पहिली काही वर्षं बोटाएवढाही वाढत नाही. पालो व्हर्दे नावाचं हिरव्या सालीचं झाड त्याला लहानपणी आपल्या सावलीत वाढवतं. खोडाला पहिली फांदी फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात, फार कोरड्या जागी शंभरही. फांदीला तिथे सगळे हातच म्हणतात. पूर्ण आयुष्य दीडशे ते दोनशे वर्षांचं. म्हणजे पाच हातांचा सागुआरो हा आपल्या पणजोबांच्या वयाचा असणार, त्याला म्हातारा म्हणणं अगदी शब्दशः खरं आहे. आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेत इथे लक्षणा चालू होते, पण वाळवंटात उभं राहिल्यावर ती पुन्हा अभिधा होते. रूपक करायला जावं आणि ते वस्तुस्थिती निघावी, असं कवितेतही क्वचित घडतं. तोहोनो ओओधाम या तिथल्या मूळ लोकांच्या मनात सागुआरो हा माणसाचाच जवळचा नातलग आहे. जूनच्या शेवटाकडे त्याची लाल फळं पिकतात. मेलेल्या सागुआरोच्या लांब फासळ्या जोडून केलेल्या काठीने ती खाली पाडतात, त्यांची वारुणी करतात आणि पावसाला बोलावतात. त्यांचं नवं वर्ष तिथून सुरू होतं. संकेतातला ‘नमस्कार’ मग नुसता विनोद राहत नाही.

‘मिठी मारू नका’ हा मात्र शुद्ध विनोद. काटे बोटभर लांब असतात. पण खरा त्रास सागुआरो देत नाही, त्याच्या पायथ्याशी वाढलेला चोया निवडुंग देतो. त्याचे तुकडे जरासा धक्का लागला की सुटून कपड्यांना, कातड्याला चिकटतात. हाताने काढायला गेलं तर हातात बसतात. म्हणून तिथले जुने भटके खिशात कंगवा ठेवतात, केसांसाठी नव्हे.

संकेतातलं सर्वांत सुंदर वाक्य हे म्हाताऱ्याचं आहे आणि सर्वांत कच्चंही तेच आहे. सागुआरोचे हात वाढतात, थंडीच्या कडाक्यात काही लुळे पडून खाली लोंबतात, वादळात मोडतात. कधीतरी तो टनावारी वजनाचा देह आडवा होतो. त्या दिवशी हा मजकूर निरर्थक होणार. लेखकाला हे कळलं नसेल असं वाटत नाही, शेजारी शेकडो वर्षं न हलणारे कातळ असताना त्याने मुद्दाम मरणारी खूण निवडली आहे. टीकाकार म्हणून मी याला दोष म्हणेन. वाचक म्हणून मला तो दोष हवा आहे.

‘कातळाच्या उत्तरेला’ हे दिसायला सर्वांत कोरडं वाक्य, तिथे सहज पुढे जावंसं वाटतं. टूसॉन सुमारे बत्तीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेची बाजू वर्षातला बहुतेक काळ सावलीत. उन्हात प्लास्टिक तडकतं, रबर कडक होतं, स्टॅम्प पॅड वाळून ठक्क होतं. उत्तरेला डबा ठेवणारा माणूस वाळवंटात राहिलेला आहे, हे एका शब्दावरून समजतं. पर्यटकाने तो सुंदर देखाव्याकडे तोंड करून ठेवला असता.

शेवटचं वाक्य सगळ्यांत मोठं काम करतं. तीन दगडांच्या फटीत हात घालण्याआधी दार वाजवा. काठीने दगडावर टकटक करा, थांबा, ऐका. अशा सावलीच्या फटी रॅटलस्नेकला आवडतात. विंचू तर असतातच. लेखकाने सापाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर तो सूचनाफलक झाला असता. त्याऐवजी त्याने शेजारधर्माची भाषा वापरली. हे घर माझं असलं तरी आत आणखी कुणी असेल, विचारून या. भीती न दाखवता सावध केलं आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने व्यंजनेची, म्हणजे सूचित अर्थाची, जी उदाहरणं दिली, त्यांतही वरून एक आणि आतून दुसरं सांगणारी वाक्यं आहेत, जिथे उघड निमंत्रण असतं आणि आत नकार. इथे उघड आहे ती आदब आणि आत आहे तो साप.

संकेतातला मला न रुचलेला शब्द एकच, ‘राहतो’. डब्याला बोलकं करण्याची हौस डबे लपवणाऱ्यांना फार. सहाव्या वाक्यात तो एकदम ‘मी’ म्हणून बोलू लागतो, तेव्हा आधीच्या पाच वाक्यांचा कोरडा, जरासा तिरकस सूर सैल पडतो. शेवटचं वाक्य तो सावरून घेतं हे खरं.

हा खेळ वाळवंटात जन्मला नाही. 1854 मध्ये इंग्लंडच्या डार्टमूरवर, चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमीअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तिथवर चिखल तुडवत आलेले लोक तिच्यात आपलं कार्ड टाकत. नाव तळ्याचं, पण तिथे तळं नाही, पाणी कधीच निघून गेलेला खोलगट भाग आहे. पुढे लोक स्वतःचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड ठेवू लागले. नंतर येणाऱ्याने ते उचलून पोस्टात टाकायचं. गालापागोसच्या फ्लोरेआना बेटावर देवमासे मारणाऱ्या खलाशांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ठेवलेल्या पिंपाची रीत अशीच होती, आपल्या वाटेवरचं पत्र दिसलं की पोचवायचं. डार्टमूरवर हळूहळू कार्डांची जागा शिक्क्यांनी घेतली. अमेरिकेत हे वेड पसरलं ते ‘स्मिथसोनियन’ मासिकात एप्रिल 1998 मध्ये आलेल्या लेखानंतर. दोनच वर्षांनी, मे 2000 मध्ये अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये एकाने बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. जिओकॅशिंग सुरू झालं. आज तेच कितीतरी पटींनी लोकप्रिय आहे. असू दे. अक्षांश-रेखांश माणसाला जागेवर अचूक नेतात, पण म्हाताऱ्याला नमस्कार करायला लावत नाहीत. फोनच्या पडद्यावरचा बाण बघत गेलेल्याला ओढा दोनदा ओलांडल्याचंही आठवत नाही.

मला सापडलेल्या डब्यातल्या शिक्क्यावर एक उंदीर होता. दीड इंचाच्या चौकोनात, तोंडात काहीतरी गोल धरलेला. बटण असावं. अमेरिकेतले हे लोक शिक्के दुकानातून आणत नाहीत, गुलाबी रबराच्या वडीवर छोट्या छिन्नीने किंवा ब्लेडने कोरतात. सगळं उलटं कोरावं लागतं, आरशात दिसावं तसं. आणि जे कोरून काढलं ते कागदावर कोरं राहतं, जे सोडून दिलं तेच छापलं जातं. उंदराचा डोळा म्हणजे ब्लेडच्या टोकाने उचललेला एक कण. शेपटी एकाच रेषेत, आणि ती चौकोनाबाहेर जाता जाता थांबलेली. कमी रेषांत जिवंतपणा आणणारा हात होता.

तो पॅकरॅट. या वाळवंटात घरं करणारा, वस्तू गोळा करण्याचा नाद असलेला उंदीर. तोंडात एक वस्तू धरून जाताना दुसरी चकचकीत दिसली की पहिली टाकतो, दुसरी उचलतो. सकाळी उठून पाहावं तर चमचा गेलेला आणि त्या जागी निवडुंगाचा तुकडा. लेटरबॉक्सवर याहून योग्य चित्र कोणतं काढणार? एक ठसा घ्या, एक ठसा ठेवा. पण चित्राचा अर्थ इथे संपत नाही. पॅकरॅट कातळाच्या कपारीत काड्या, पानं, बिया साठवतो, त्यावर त्याचं मूत्र सुकून राळेसारखं होतं आणि पाऊस पोचला नाही तर तो साठा हजारो वर्षं टिकतो. काही साठे चाळीस हजार वर्षांपूर्वीचे निघाले. त्यांतल्या बिया आणि पानं ओळखून शास्त्रज्ञांनी दाखवलं, की आज जिथे निवडुंग आहेत तिथल्या अनेक उतारांवर हिमयुगात पिन्यन आणि जुनिपरची झाडं होती. या अभ्यासाचा एक मोठा भाग टूसॉनमध्येच झाला. वाळवंटातली सर्वांत जुनी नोंदवही उंदराने लिहिलेली आहे. शिक्का कोरणाऱ्याला हे ठाऊक असणारच.

मग डब्यातली खरी वही उघडली. डार्टमूरच्या डब्यांना ओलीची भीती, इथे कागद कुरकुरीत राहतो. पानोपानी शिक्के होते, सरडा, चंद्र, बूट, गिला मॉन्स्टर, कुणाच्या तरी कुत्र्याचं तोंड. एका लहान मुलाने अक्षरं सरळ कोरली होती, त्यामुळे त्याचं नाव उलटं छापलं गेलं होतं आणि खाली मोठ्या माणसाच्या अक्षरात आरसा आणा अशा अर्थाचा शेरा होता. पण मी वाचत राहिले त्या तारखा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर दाट. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च दाट. एप्रिलमध्ये दोन-तीन. मग सरळ ऑक्टोबर. दर वर्षी तशीच मोकळी जागा. उन्हाळ्याबद्दल त्या वहीत कोणी एक शब्द लिहिलेला नाही आणि उन्हाळ्याचं त्याहून चांगलं वर्णन मी वाचलेलं नाही.

माणसाला आपण इथवर आलो हे लिहून ठेवायची भूक जुनी आहे. त्याच टूसॉन माउंटन्समधल्या सिग्नल हिलवर होहोकाम या प्राचीन लोकांनी कातळावर टोचून काढलेली चक्रं आणि प्राणी आहेत. कातळावर युगानुयुगं बसलेला मँगनीज आणि लोहाचा काळसर थर फोडला की आतला फिका दगड दिसतो, रेषा तयार होते. शिक्क्याच्या नेमकं उलटं, इथे काढलं तेच दिसतं. न्यू मेक्सिकोतल्या एल मोरो या कड्यावर, पाण्याच्या कुंडाशेजारी, 1605 मध्ये हुआन दे ओन्याते या स्पॅनिश वसाहतकाराने आपण इथून गेल्याचं कोरलं आहे. त्याच्यामागून आलेल्या स्पॅनिश आणि अमेरिकी वाटसरूंनी शेकडो नावं घातली. 1906 मध्ये तो कडा राष्ट्रीय स्मारक झाला आणि आता तिथे कोरायला बंदी आहे. त्यामुळे ओन्यातेचं नाव इतिहास आणि आज कोरणाऱ्याचं नाव गुन्हा, हा जरासा अन्याय वाटतो खरा, पण दुसरा मार्ग नाही. आमच्या गडांच्या बुरुजांवर बाण घुसलेले बदाम आणि इंग्रजी आद्याक्षरं बघून ज्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, त्यांना हे पटवून सांगायला नको.

लेटरबॉक्स त्या भुकेला वही देतो. आलात ना, लिहा, पण डोंगरावर नाही. म्हणून या खेळाचे चांगले नियम सगळे न करण्याचे आहेत. खणायचं नाही, झाड तोडायचं नाही, पुरातन चित्रांजवळ डबा ठेवायचा नाही, राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय तर नाहीच. सापडलेला डबा जास्त हुशारीने लपवायचा मोहही आवरायचा. तो उचलल्याचं पुढच्याला कळता कामा नये.

कोणी विचारेल, सात वाक्यं, एक उंदीर आणि एक वही, यासाठी एवढं? हो. मी वाचलेल्या प्रवासवर्णनांपैकी फार थोड्यांनी मला जमिनीकडे इतकं नीट बघायला लावलं. संकेत छोटा आहे, एक शब्द सोडला तर नेमका आहे, आणि त्याच्या लेखकाने त्यावर नावही घातलेलं नाही.

टूसॉनच्या बाजूला कोणी नातेवाईक असतील आणि जाणं होणार असेल, तर नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत जा. वाटेल त्याहून जास्त पाणी न्या, काठी न्या, कंगवा न्या, आणि स्टॅम्प पॅड स्वतःचं न्या, डब्यातलं वाळलेलं असेल. शिक्का मात्र बाजारातून करून घेऊ नका. एक खोडरबर आणि एक ब्लेड पुरतं. नाव घालणार असाल तर उलटं कोरा.